अंधारात मारलेले दगड

युजीन शूमेकर यांना चंद्रावर जायचं होतं. ॲरिझोनातलं प्रचंड विवर ज्वालामुखीनं नव्हे तर आकाशातून कोसळलेल्या उल्केनं पाडलेलं आहे, हे खडकांतल्या पुराव्यानिशी दाखवून देणारे हे भूशास्त्रज्ञ. चंद्रावरची विवरंही तशीच पडली असणार, आणि ती जवळून पाहायला भूशास्त्रज्ञच गेला पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. पण तपासणीत ॲडिसनचा विकार निघाला आणि अंतराळवीर होण्याचा मार्ग बंद झाला. मग अपोलोच्या अंतराळवीरांना खडक कसे पाहायचे हे शिकवण्यात त्यांनी स्वतःला झोकून दिलं. १९९३ साली पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही यांच्यासह त्यांनी एक धूमकेतू शोधला, आणि पुढच्याच वर्षी साऱ्या जगानं तो गुरूवर आदळताना पाहिला. जुलै १९९७ मध्ये उल्काविवरांच्या अभ्यासासाठी ऑस्ट्रेलियात फिरत असताना मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांची विद्यार्थिनी, ग्रहशास्त्रज्ञ कॅरोलिन पोर्को हिला एक कल्पना सुचली. नासाचं लूनर प्रॉस्पेक्टर हे छोटं यान काही महिन्यांतच चंद्राकडे निघणार होतं. शूमेकर यांची चिमूटभर रक्षा एका कुपीत घालून त्या यानावर बसवण्यात आली. जानेवारी १९९८ मध्ये यान उडालं. याला विरोधही झाला. नवाहो लोकांसाठी चंद्र पवित्र, तिथे मानवी अवशेष नेणं हा त्याचा अपमान, असं नवाहो राष्ट्राचे तेव्हाचे अध्यक्ष आल्बर्ट हेल यांनी कळवलं, आणि नासाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. चंद्र कुणा एका संस्थेच्या मालकीचा नाही, हे त्या निमित्तानं कुणीतरी ठणकावून सांगितलं हे बरंच झालं.

दीड वर्ष यानानं इमानेइतबारे काम केलं. इंधन संपत आलं. इंधनाविना चंद्राभोवतीची कक्षा टिकत नाही. यान कधी ना कधी खाली येणारच. मग ते कुठेही पडू देण्यापेक्षा आपणच जागा निवडून पाडलं तर? टेक्सास विद्यापीठातल्या डेव्हिड गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसा प्रस्ताव दिला. जागा ठरली दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवराचा तळ, जिथे कधीच ऊन पोचत नाही. शोधायचं होतं पाणी.

हा पाण्याचा विचार तसा जुना. चंद्राचा आस कक्षेला जवळजवळ काटकोनात उभा आहे, कलला आहे तो जेमतेम दीड अंशानं. त्यामुळे ध्रुवांवर सूर्य क्षितिजालाच चिकटून फिरतो, आणि खोल विवरांच्या तळाशी अब्जावधी वर्षांत त्याचा एक किरणही उतरलेला नसतो. धूमकेतूंबरोबर आलेलं पाणी उन्हात उडून जाईल. पण त्यातले काही रेणू भरकटत या विवरांत शिरले की थंडीनं तिथेच गोठून अडकतील, असं वॉटसन, मरे आणि ब्राऊन या तिघांनी १९६१ मध्येच मांडलं होतं. १९९४ मध्ये क्लेमेंटाइन यानाच्या रेडिओ लहरींना दक्षिण ध्रुवाकडून बर्फासारखा प्रतिसाद मिळाला, पण त्यावर वाद झाले. प्रॉस्पेक्टरनं ध्रुवांवरून येणारे न्यूट्रॉन मोजले आणि तिथे हायड्रोजन जास्त आहे हे पक्कं केलं. मात्र हायड्रोजन म्हणजे पाणी नव्हे. तो सूर्याकडून वाऱ्यासारखा येऊन मातीत रुतलेलाही असू शकतो. खात्री करायची तर ती माती वर उडवून पाहायला हवी होती.

३१ जुलै १९९९. पृथ्वीवरच्या मोठमोठ्या दुर्बिणी आणि वर हबल, सगळ्यांचे डोळे चंद्राच्या दक्षिण टोकाकडे लागले होते. ठरल्या वेळी यानाचा संदेश तुटला. आणि काहीच दिसलं नाही. धुरळा नाही, वाफ नाही, पाण्याच्या रेणूंचा मागमूस नाही. यशाची शक्यता दहा टक्क्यांहूनही कमी आहे, असं शास्त्रज्ञांनी आधीच प्रांजळपणे सांगून ठेवलं होतं. यान हलकं होतं आणि जमिनीला जवळजवळ समांतर येऊन पडलं. त्यानं माती फारशी वर उसळलीच नसावी. शूमेकर मात्र अखेर चंद्रावर पोचले. ज्या विवराचा नेम धरला होता ते आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

चंद्रावर यान आपटण्याची रीत याच्या चाळीस वर्षं आधी पडली होती. सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत संघाचं लूना-२ चंद्रावर जाऊन धडकलं. मानवानं बनवलेली वस्तू दुसऱ्या खगोलावर पोचण्याची ती पहिली वेळ. इंग्लंडमधल्या जॉड्रल बँकच्या दुर्बिणीनं त्याचा आवाज बंद पडताना टिपला, म्हणून पश्चिमेला विश्वास ठेवावा लागला. सोव्हिएत चिन्हं कोरलेल्या धातूच्या पंचकोनी तुकड्यांचा एक गोळा त्यात होता, आणि लगेच अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलेल्या क्रुश्चेव्ह यांनी त्याची प्रतिकृती अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या हाती ठेवली. राजकारण उघडच होतं. पण चंद्राला पृथ्वीसारखं चुंबकीय क्षेत्र नाही, हेही त्याच यानानं धडकण्याआधी कळवलं होतं.

अमेरिकेच्या रेंजर मालिकेनं सहा वेळा अपयश पचवलं. सहावं यान तर बरोबर नेमावर पोचलं, पण त्याचे कॅमेरे सुरूच झाले नाहीत. ३१ जुलै १९६४ रोजी रेंजर-७ नं आदळण्यापूर्वीच्या सुमारे सतरा मिनिटांत ४,३०८ छायाचित्रं पाठवली, तेव्हा कुठे चंद्राचा पृष्ठभाग माणसानं जवळून पाहिला.

मला यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो अपोलोच्या काळातला प्रकार. पीट कॉनराड आणि ॲलन बीन यांनी अपोलो-१२ च्या मोहिमेत चंद्रावर एक भूकंपमापक ठेवला. २० नोव्हेंबर १९६९ रोजी ते दोघे ‘इंट्रेपिड’ या चांद्रयानातून वर येऊन मुख्य यानात शिरले. इंट्रेपिडचं काम संपलं होतं. ते मुद्दाम चंद्रावर पाडण्यात आलं, भूकंपमापकापासून सत्तरएक किलोमीटरवर. पृथ्वीवर अशा धडकेची कंपनं मिनिटाभरात विरून जातात. इथे ती हळूहळू वाढत गेली आणि जवळजवळ तासभर चालू राहिली. आलेख पाहणाऱ्या शास्त्रज्ञांना आधी खरंच वाटेना. चंद्र घंटेसारखा घुमतोय, असं त्यांनी पत्रकारांना सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ च्या अग्निबाणाचा सुमारे चौदा टनांचा रिकामा टप्पा त्याच भागात आदळवला. तिन्ही अंतराळवीर त्या वेळी प्राणवायूची टाकी फुटलेल्या यानात जीव मुठीत धरून होते; त्या मोहिमेतली ही एक गोष्ट मात्र ठरल्याप्रमाणे पार पडली. कंपनं तीन तासांहून अधिक काळ उमटत राहिली.

चंद्र इतका वेळ का थरथरत राहिला? वरचा थर उल्कांच्या माऱ्यानं पार तडकलेला. लाटा त्या तड्यांत पुन्हा पुन्हा विखुरतात. पण त्या जिरत का नाहीत, हा खरा प्रश्न. पृथ्वीच्या खडकांत ओल असते आणि ती कंपनांची ताकद शोषून घेते. चंद्राच्या खडकांत ती नव्हती. अपोलोनं आणलेले दगडही प्रयोगशाळेत असेच कोरडे ठरले. चंद्र हाडासारखा कोरडा आहे, हे मत पुढची तीसएक वर्षं पक्कं झालं त्यात या धडकांचाही वाटा होता. म्हणून पुढे पाण्याचा पुरावा धडकेतूनच मिळावा याला मी योगायोगापेक्षा अधिक मानतो. दोन्ही वेळा आपटणारी वस्तू गौण होती. ती आपटेल तेव्हा कोण, कुठून आणि कशानं पाहतंय, यावर सारं अवलंबून होतं. १९६९ साली भूकंपमापक आधीच जागेवर होता. १९९९ साली पाहणारे चार लाख किलोमीटरवर होते.

हा फरक भारताच्या पहिल्या चांद्रमोहिमेनं वेगळ्या वाटेनं भरून काढला. चांद्रयान-१ मुळात चंद्राभोवती फिरणारं यान होतं. इतक्या जवळ जातोच आहोत तर पृष्ठभागावरही काहीतरी पाठवू या, ही डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची सूचना. तिच्यातून ‘मून इम्पॅक्ट प्रोब’ ही पेटी तयार झाली, तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्रात. वजन पस्तीस किलोच्या आसपास, उंची अर्ध्या मीटरपेक्षाही कमी, बाजूंवर रंगवलेला तिरंगा. आत तीन उपकरणं: उंची मोजणारं रडार, चित्रण करणारा कॅमेरा, आणि ‘चेस’ नावाचा वस्तुमान वर्णपटमापक, म्हणजे भोवतीच्या विरळ वायूंतले रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणारं यंत्र.

१४ नोव्हेंबर २००८, नेहरूंची जयंती. रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी, चंद्रापासून शंभर किलोमीटर उंचीवर, पेटी मुख्य यानापासून सुटली. ती स्वतःभोवती फिरू लागली, म्हणजे तोल राहील. मग छोट्या मोटरनं वेग किंचित कमी केला, आणि चंद्रानं तिला खाली ओढलं. चंद्राच्या उजेडातल्या बाजूवरून दक्षिण ध्रुवाकडे जात पंचवीस मिनिटं ती पडत होती. या पंचवीस मिनिटांत तिला पृथ्वीशी बोलायचं नव्हतं. जे दिसेल, जे मोजलं जाईल, ते सगळं ती वरून जाणाऱ्या चांद्रयानाला देत होती, आणि चांद्रयान ते साठवत होतं. आठ वाजून एकतीस मिनिटांनी शॅकलटन विवराजवळ ती आदळली आणि गप्प झाली. भारताचा ध्वज चंद्रावर पोचला म्हणून देशभर आनंद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण इथे पाहणारा डोळा पडणाऱ्या पेटीतच बसवलेला होता, आणि ऐकणारा कान शंभर किलोमीटरवर होता. ही मांडणी त्या दिवसाच्या बातम्यांत फारशी आली नाही.

चेसला वाटेत अठरा वजनाचे रेणू भेटले. अठरा म्हणजे पाणी. मात्र अशा मोजमापात एक जुनी अडचण असते. पृथ्वीवरून निघालेल्या प्रत्येक यंत्राच्या पत्र्याला, तारांना, चिकटपट्ट्यांना आपल्या हवेतली वाफ चिकटलेली असते आणि ती अवकाशात हळूहळू सुटत राहते. चेसनं मोजलेलं पाणी चंद्राचं किती आणि पेटीचं स्वतःचं किती? हा प्रश्न विचारणारे दुष्टपणानं विचारत नव्हते. चेसचे निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपात २०१० मध्ये आले. तोवर सप्टेंबर २००९ मध्ये चांद्रयानावरच्याच नासाच्या ‘एम-थ्री’ या उपकरणाच्या नोंदींवरून, कार्ले पीटर्स यांच्या नेतृत्वाखालच्या गटाकडून, चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याची किंवा हायड्रॉक्सिलची पातळ खूण असल्याचं जाहीर झालं होतं. श्रेयाचा गाजावाजा तिकडे गेला. चेसच्या वाट्याला यापेक्षा जास्त दाद यायला हवी होती असं मला आजही वाटतं, आणि शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही मला पटतं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

पण एम-थ्रीनं पाहिली ती उन्हातल्या मातीवरची खूण. काळोख्या विवरांचा तळ अजून कुणी उकरला नव्हता.

ते काम ज्या मोहिमेनं केलं तिचा जन्म उरलेल्या जागेतून झाला. नासाचं लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान जास्त ताकदीच्या ॲटलस अग्निबाणानं पाठवायचं ठरलं, तेव्हा सुमारे हजार किलो वजन वाहून नेण्याची क्षमता शिल्लक राहिली. त्या जागेत काय पाठवता येईल, असा प्रश्न नासानं आपल्या केंद्रांपुढे टाकला. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एम्स संशोधन केंद्राची योजना निवडली गेली: एलक्रॉस. कल्पना सोपी आणि धाडसी होती. यानाला चंद्राकडे ढकलून रिकामा झालेला अग्निबाणाचा वरचा टप्पा, सेंटॉर, एरवी टाकून दिला जातो. तो टाकायचा नाही. सव्वादोन टनांहून जड असा तो टप्पा धरून ठेवायचा, नेम धरून काळोख्या विवरात फेकायचा, आणि त्याच्या मागोमाग चार मिनिटांच्या अंतरानं छोटं यान जाऊ द्यायचं. उसळलेल्या धुरळ्यातून जाताना ते मोजमाप करील, पृथ्वीला कळवील आणि मग स्वतःही आदळेल. खर्च ७९ दशलक्ष डॉलर. अवकाश मोहिमांच्या मानानं थोडा. उपकरणं बरीचशी बाजारात मिळणारी, सुधारून घेतलेली. पाहणारा या वेळी धडकेपासून काही शे किलोमीटरवर असणार होता, आणि तो जवळ येतच जाणार होता.

१८ जून २००९ रोजी उड्डाण झालं. नंतरचे साडेतीन महिने सेंटॉर आणि छोटं यान एकमेकांना जोडलेले पृथ्वीभोवती लांबलचक कक्षेत फिरत राहिले, नेम नीट बसेपर्यंत. या काळातलं एक काम मला फार आवडतं. सेंटॉरचं इंधन होतं द्रव हायड्रोजन आणि द्रव प्राणवायू, म्हणजे पाण्याचेच दोन घटक. त्याच्या टाक्यांत किंवा आवरणात थोडी जरी वाफ अडकून राहिली तर चंद्रावर सापडलेलं पाणी आपणच नेलेलं निघायचं. म्हणून सावलीतली थंड बाजू पुन्हा पुन्हा उन्हाकडे वळवून त्याला भाजून काढलं गेलं. चेसला जी शंका छळत होती तिचा बंदोबस्त इथे आधीच चालू होता.

ऑगस्टच्या २२ तारखेला घात होता होता राहिला. यान पृथ्वीच्या संपर्कात नसताना दिशा सांगणाऱ्या एका उपकरणात बिघाड झाला. संगणकानं दुसऱ्या संवेदकाचा आधार घेतला, पण त्याच्या आकड्यांत चढउतार जास्त. यान डगमगतंय असं समजून संगणक ते सावरायला छोटी इंजिनं एकसारखी चालवत राहिला. संपर्क पुन्हा झाला तेव्हा १४० किलोच्या आसपास इंधन जळून गेलं होतं, शिल्लक साठ्याच्या निम्म्याहून जास्त. उरलेल्या इंधनात मोहीम पुरी होईल, पण आता एकही चूक परवडणार नाही, असा हिशेब निघाला. पुढचे दीड महिने एम्समधली माणसं कशी वावरली असतील याची कल्पना करता येते. त्याच महिन्याच्या अखेरीस, २९ ऑगस्टला, आपल्या चांद्रयान-१ शी संपर्क कायमचा तुटला.

नेम कुठे धरायचा, हेही शेवटपर्यंत बदलत होतं. सप्टेंबरमध्ये आधी एक विवर जाहीर झालं. मग नवी मोजमापं पाहून महिनाअखेर ते बदलून कॅबियस निवडलं गेलं. शंभरएक किलोमीटर रुंदीचं, तळाशी उणे २३० अंशांच्या आसपास थंडी, आणि हायड्रोजनची खूण ठळक. तोटा एवढाच, की पृथ्वीवरून पाहताना त्याचा तळ डोंगराआड जातो. उडालेली माती आठशेएक मीटर वर आल्याशिवाय तिला ऊनही लागणार नव्हतं.

९ ऑक्टोबर २००९. आपल्याकडे संध्याकाळचे पाच वाजून गेले होते, कॅलिफोर्नियात पहाटेचे साडेचार. एम्सच्या हिरवळीवर रात्रभर जागलेले लोक मोठ्या पडद्यासमोर बसले होते. सेंटॉर नऊ-दहा तासांपूर्वीच यानापासून सुटला होता, सेकंदाला अडीच किलोमीटर वेगानं जात होता. पडद्यावर चंद्राचा करडा, खडबडीत पृष्ठभाग मोठा होत गेला. धडकेची वेळ आली आणि गेली. चमक नाही, धुरळ्याचा उंच पिसारा नाही. चार मिनिटांनी यानाचं चित्रही थांबलं. हिरवळीवरचे लोक एकमेकांकडे पाहू लागले. वर्तमानपत्रांनी फुसका बार म्हणून मथळे दिले. चंद्राला इजा करायची कशासाठी, असं विचारणारेही होते. पण एवढ्या ताकदीचे उल्कापाषाण चंद्रावर वारंवार आदळत असतात.

एलक्रॉसचे प्रमुख शास्त्रज्ञ अँथनी कोलाप्रीट यांनी मात्र घाई केली नाही. लोकांना दिसलं ते कॅमेऱ्याचं चित्र. शास्त्रज्ञांचं लक्ष वर्णपटांवर होतं. उन्हात चमकलेल्या अंधुक धुरळ्याच्या प्रकाशात कुठल्या लहरी गाळल्या गेल्या, हे तपासायला पाच आठवडे लागले. १३ नोव्हेंबरला त्यांनी सांगितलं: पाणी आहे, आणि बरंच आहे. वर्षभरानं ‘सायन्स’मध्ये आलेल्या निबंधांत आकडे आले. यानाच्या नजरेच्या टप्प्यात सुमारे १५५ किलो पाणी, वाफ आणि बर्फ मिळून. उडालेल्या मातीच्या वजनाच्या ५.६ टक्के, मागेपुढे २.९. जोडीला अमोनिया, मिथेनॉल, कार्बन मोनॉक्साइड यांसारखी संयुगं. वर फिरणाऱ्या ऑर्बिटरनं तर पाराही टिपला. पुढे कुणी ते पाणी प्यायचं ठरवलं तर त्याला आधी शुद्ध करावं लागणार आहे.

या आकड्यावर पुष्कळ इमारती उभ्या राहिल्या. चंद्रावरच्या वस्तीचे आराखडे, तिथेच इंधन बनवण्याच्या योजना, दक्षिण ध्रुवाकडे सगळ्या देशांची लागलेली रीघ. पण तो आकडा एका विवरातल्या एका जागेचा आहे. २०१८ मध्ये एम-थ्रीच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा पृष्ठभागावर उघडा बर्फ असल्याच्या खुणा मिळाल्या त्या अशा थंड जागांपैकी फक्त साडेतीन टक्के भागात. कॅबियस नमुनेदार आहे की नशिबानं लागलेलं ठिकाण, हे एका धडकेवरून सांगता येत नाही. चेसचा वारसदार चेस-२ चांद्रयान-२ वर बसून चंद्राभोवतीच्या विरळ वायूंचा अभ्यास करायला गेला खरा. पण तो वरून पाहतो, माती उडवत नाही.

४ मार्च २०२२ रोजी अग्निबाणाचा आणखी एक रिकामा टप्पा चंद्रावर जाऊन आदळला, पलीकडच्या बाजूला. तो बहुधा चिनी होता. चीननं ते नाकारलं. कुणी नेम धरलेला नव्हता, मागोमाग कुणी जात नव्हतं, वर्णपटमापक कुणी रोखलेला नव्हता. काही आठवड्यांनी ऑर्बिटरच्या छायाचित्रांत एकाला एक लागून दोन खड्डे दिसले, अठरा आणि सोळा मीटरचे. त्यातून उडालेल्या मातीत काय होतं, ते आता कुणालाच कधी कळणार नाही. चंद्राकडे जाणाऱ्या मोहिमांची संख्या वाढतेच आहे आणि प्रत्येकीमागे असा एखादा टप्पा मोकळा सुटू शकतो. त्यातला एक तरी दुसऱ्या एखाद्या काळोख्या विवरावर, मागोमाग जाणाऱ्या छोट्या यानासह, रोखला गेला पाहिजे.